बाळाची पावडर, साबण, तेल: ‘सौम्य’ आणि ‘नैसर्गिक’ या शिक्क्यांमागचा इतिहास

१९७२ साली फ्रान्समध्ये तान्ही बाळं अचानक आजारी पडू लागली. आधी लंगोटाच्या जागी भाजल्यासारखी लालभडक पुरळ यायची, मग झटके आणि त्यानंतर बेशुद्धी. कारण अखेर पावडरच्या डब्यात सापडलं. ‘मोरांज’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बेबी पावडरच्या काही मालात हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून मिसळलं गेलं होतं, तेही सहा टक्क्यांहून जास्त. दोनशेच्या वर मुलांना बाधा झाली आणि त्यांतली ३६ दगावली. औषध पोटात गेलं नव्हतं, फक्त त्वचेवर लावलं गेलं होतं.

बाळाच्या वस्तूंची निवड हा आज इतका नाजूक विषय का झाला, हे समजून घ्यायचं तर अशा घटनांपासूनच सुरुवात करावी लागते. ‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘अमुक घटक नाही’ हे शब्द एकाच दिवशी कुणा जाहिरातवाल्याच्या डोक्यातून निघाले नाहीत. जवळपास प्रत्येक शब्दामागे एखादी खरी भीती आहे.

बेबी पावडरचा व्यापारी इतिहास १८९०च्या दशकात सुरू होतो. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या औषधी पट्ट्यांनी त्वचेची जळजळ होते, अशी तक्रार एका डॉक्टरने केली, तेव्हा कंपनीचे शास्त्रीय प्रमुख फ्रेड किल्मर यांनी त्यावर इटलीचं टॅल्क लावून पाहायला सुचवलं. त्यातूनच पुढे बाळांची पावडर आली. टॅल्क म्हणजे जमिनीतून खणून काढलेलं, दळलेलं खनिज, अगदी अस्सल नैसर्गिक. पण जमिनीत टॅल्कच्या शेजारीच अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉसही सापडतं आणि ते मिसळलं गेल्याच्या आरोपांवरून हजारो खटले उभे राहिले. कंपनीने २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडात, आणि २०२३ मध्ये जगभर टॅल्कची बेबी पावडर बंद केली. माझं मत विचाराल तर अ‍ॅस्बेस्टॉसचा प्रश्न बाजूला ठेवला तरी बाळाला कोणत्याही पावडरची गरज नाही. हवेत उडालेली बारीक धूळ श्वासातून छातीत जाते, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

टॅल्कच्या आधीची आणि सोबतची यादी याहून भयंकर आहे. लंगोटाच्या पुरळीवर बोरिक अ‍ॅसिडची पावडर भुरभुरायची पद्धत होती. सोललेल्या कातडीतून ते अंगात शिरून बाळं विषबाधेने गेली आहेत. दात येताना द्यायच्या पावडरींमध्ये कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असायचा. त्यामुळे मुलांचे हातपाय गुलाबी व्हायचे, घाम फुटायचा, चिडचिड थांबायची नाही. या ‘गुलाबी आजारा’चं कारण कित्येक वर्षं कुणाला कळत नव्हतं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बालरोगतज्ज्ञ जोसेफ वारकानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट पाऱ्याकडे दाखवलं, १९५०च्या दशकात त्या पावडरी बाजारातून गेल्या आणि आजारही जवळपास नाहीसा झाला. लक्षात घ्यायची गोष्ट ही की बोरिक अ‍ॅसिड आणि कॅलोमेल, दोन्हींची मूळ द्रव्यं निसर्गात खनिजरूपात मिळतात.

हेक्झाक्लोरोफीनची गोष्ट मात्र चुकून मिसळलेल्या त्या एका मालावर संपत नाही. मोरांजच्या आधी अनेक रुग्णालयांत नवजात बाळांना याच द्रव्याच्या तीन टक्के द्रावणाने अंघोळ घातली जात होती, कारण त्याने जंतुसंसर्ग कमी होत असे. हेतू चांगलाच होता. पण ते त्वचेतून रक्तात शिरतं हे दिसू लागलं आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९७१ मध्ये या अंघोळींबद्दल इशारा दिला. फ्रान्समधल्या मृत्यूंनंतर १९७२ मध्येच अमेरिकेत ते डॉक्टरच्या चिठ्ठीपुरतं मर्यादित झालं.

बाळाच्या त्वचेतून एवढं सगळं आत कसं जातं? एक कारण निव्वळ आकाराचं आहे. बाळाचं वजन कमी, पण त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ मोठं, म्हणजे लावलेल्या वस्तूचा दर किलोमागे पडणारा भार मोठ्यांपेक्षा जास्त. शिवाय वरचा संरक्षक थर पातळ असतो आणि पूर्ण तयार झालेला नसतो. दुसरं कारण आम्लतेचं. १९२८ मध्ये हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी निरोगी त्वचेवर आम्लाचं एक पातळ आवरण असतं, ही कल्पना मांडली. आम्लता मोजायचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. मोठ्यांच्या त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो. जन्मलेल्या बाळाचा सहाच्या वर असतो आणि पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत हळूहळू खाली येतो. साध्या साबणाचा पीएच नऊ ते दहा. म्हणजे जे आवरण बाळाचं शरीर नुकतं कुठे विणायला लागलंय, तेच प्रत्येक अंघोळीत उसवलं जातं.

लंगोटाची पुरळ हे याचं सगळ्यात जवळून दिसणारं उदाहरण. लघवी आणि शी एकत्र साचली की अमोनिया तयार होतो, पीएच वाढतो. शीमध्ये प्रथिनं आणि चरबी पचवणारी विकरं असतात, ती या वाढलेल्या पीएचला जोमाने काम करू लागतात आणि अन्नाऐवजी कातडीच पचवू लागतात. त्यात ओलसरपणा आणि घर्षण. म्हणून झिंक ऑक्साइडचं जाड, बिनवासाचं मलम इथे इतकी वर्षं टिकून आहे. ते काही ‘पोषण’ करत नाही, मधे भिंत उभी करतं. आणि कोणत्याही मलमापेक्षा लंगोट लवकर बदलणं अधिक उपयोगी आहे.

‘सौम्य’ हा शब्द बाजारात खऱ्या अर्थाने रुळला तो १९५०च्या दशकात, डोळ्यांना न झोंबणाऱ्या शाम्पूमुळे. त्यात साबणाऐवजी वेगळ्या जातीची फेस करणारी कृत्रिम द्रव्यं वापरली होती. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण बाळाच्या अंघोळीतला हा मोठा बदल प्रयोगशाळेतून आला. उलट वनस्पतीच्या तेलापासून पारंपरिक पद्धतीने बनवलेला साबणही शेवटी अल्कधर्मीच असतो.

मग ‘नैसर्गिक’ची लाट कशी आली? तिचं एक कारण परिरक्षकांची भीती. पाणी असलेल्या प्रत्येक क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावंच लागतं. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात स्तनांच्या गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन हे नेहमी वापरले जाणारे परिरक्षक आढळले. त्यांनीच गाठी झाल्या असं त्या अभ्यासाने सिद्ध केलं नव्हतं, पण धास्ती पसरायला तेवढं पुरलं. डेन्मार्कने २०११ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंमध्ये काही पॅराबेनवर बंदी घातली आणि २०१४ मध्ये युरोपीय संघानेही नियम कडक केले. डब्यांवर ‘पॅराबेन नाही’ झळकू लागलं.

पण पॅराबेन काढले तरी त्यांची जागा कुणीतरी घेणारच होतं. बऱ्याच ठिकाणी ती मिथाइलआयसोथायाझोलिनोनने घेतली. वेट वाइप्समध्ये ते सर्रास आलं आणि लवकरच त्वचारोगतज्ज्ञांकडे अ‍ॅलर्जीच्या रुग्णांची रांग लागली. मुलांच्या तोंडाभोवती, कुल्ल्यांवर, आणि वाइप्स हाताळणाऱ्या मोठ्यांच्या बोटांवरही पुरळ येत होती. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला त्या वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक म्हणून जाहीर केलं आणि युरोपात अंगावर राहणाऱ्या वस्तूंमधून ते २०१७ मध्ये हद्दपार झालं. जुनं, दशकानुदशकं तपासलेलं द्रव्य घाईने काढून तिथे कमी ओळखीचं द्रव्य आणल्याची किंमत बाळांनी मोजली, हे मनाला लागतं.

शिक्क्यांना कायद्याचा आधार किती, हेही पाहायला हवं. अमेरिकेत ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ (अ‍ॅलर्जीची शक्यता कमी असलेलं) लिहिण्याआधी चाचणीचा पुरावा हवा, असा नियम १९७५ मध्ये झाला. कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो रद्द झाला. तेव्हापासून तिथे तो शब्द कुणीही लिहू शकतं. सौंदर्यप्रसाधनांवरच्या ‘नैसर्गिक’लाही तिथे कायदेशीर व्याख्या नाही. कॉसमॉस, नेट्रूसारखी खाजगी मानकं आहेत, पण ती घटकांचं मूळ आणि प्रक्रिया तपासतात. तुमच्या बाळाला ते सोसेल का, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं.

वनस्पती तेलांवरच्या संशोधनाने तर बरीच समजूत उलटी केली. २००३ मध्ये ब्रिटिश मुलांच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं की शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं ज्यांच्या पुरळीवर लावली गेली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक आढळली. फाटलेल्या त्वचेतून अन्नाचा अंश शिरला की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं, हा विचार तिथून बळावला. २००६ मध्ये फिलॅग्रिन या त्वचेच्या प्रथिनातल्या जनुकीय दोषाचा इसबाशी संबंध सापडला आणि त्याला आणखी आधार मिळाला. २०१३ मध्ये प्रौढांवरच्या एका प्रयोगात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर कमकुवत केला, सूर्यफूल तेलाने तसं केलं नाही. त्याआधी २००५ मध्ये ढाक्यातल्या रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर रुग्णालयातल्या संसर्गाचा धोका ४१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला होता. दोन्ही तेलं वनस्पतीचीच, फरक त्यांतल्या स्निग्धाम्लांचा. ऑलिव्हमध्ये ओलेइक जास्त, सूर्यफुलात सहसा लिनोलेइक जास्त.

‘रोज भरपूर लावलं तर इसब होणारच नाही’ ही आशाही टिकली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत निरोगी बाळांना लहानपणापासून नियमित मलम लावूनही इसब टळला नाही. कोरड्या त्वचेला मलमाने आराम पडतो, ती गोष्ट वेगळी. जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकट थर पुसून काढू नये आणि पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्यामुळे डबा हातात घेतल्यावर मी पुढचा भाग वाचत नाही, मागची यादी वाचते. धुऊन जाणाऱ्या वस्तूपेक्षा अंगावर राहणाऱ्या वस्तूची यादी जास्त बारकाईने, आणि पुरळ आलेल्या त्वचेसाठी तर त्याहूनही. पाणीच नसलेल्या मलमाला किंवा तेलाला सहसा परिरक्षक लागत नाही. पण पाणी असलेलं, तरी ‘परिरक्षकमुक्त’ म्हणवणारं घरगुती क्रीम बाळाला लावू नका, त्यात जंतू वाढतात. आणि सुवास सगळ्यात आधी वगळा, मग तो फुलांचा का असेना. युरोपात २००३ च्या नियमाने २६ सुगंधी अ‍ॅलर्जीकारकांची नावं ठरावीक प्रमाणापलीकडे असल्यास लेबलवर द्यावी लागत होती. २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या वर नेली आणि त्यात लॅव्हेंडर, पुदिना, निलगिरी यांची तेलंही आली. नव्याने बाजारात येणाऱ्या वस्तूंना तो जुलै २०२६ अखेरपासून लागू, आधीपासून विक्रीत असलेल्यांना २०२८ पर्यंत मुदत आहे. अंगावर राहणाऱ्या वस्तूत यांतलं काही ०.००१ टक्क्याहून जास्त असेल, तर ते नावानिशी लिहावं लागेल.