चाचणी होती, बोलावणं नव्हतं

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजे एचपीव्हीचा, संसर्ग शरीरात टिकून राहिला तर तिथल्या पेशी बदलू लागतात. त्या बदलांचं कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढ्या काळात बाईला काहीच त्रास नसतो. बदललेल्या पेशी या टप्प्यावर सापडल्या, तर छोट्याशा उपचाराने काढता येतात आणि कर्करोग होतच नाही. तरीही जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक स्त्रिया या आजाराने जातात. असं का होतं, हे कळायला तपासणीचा इतिहास बघावा लागतो.

ग्रीसहून अमेरिकेत आलेले जॉर्ज पापानिकोलाउ न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगच्या ऋतुचक्राचा अभ्यास करत होते. योनिस्रावातल्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची त्यांची पद्धत होती. पत्नी आंद्रोमाखी प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर काम करत आणि वर्षानुवर्षं त्यांनी स्वतःचे नमुनेही दिले. या चाचणीला ‘पॅप’ हे नाव पडलं ते फक्त नवऱ्याच्या आडनावावरून. आंद्रोमाखींचा वाटाही तितक्याच आदराने सांगायला हवा. या पद्धतीने कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, असं पापानिकोलाउंनी १९२८ मध्ये मांडलं. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. पण तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला बघायच्या, असं डॉक्टरांना वाटत होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा शोधनिबंध १९४१ मध्ये आणि पुस्तक १९४३ मध्ये आलं, तेव्हा कुठे लोक ऐकू लागले.

१९४९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पॅप तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि मग ती देशोदेशी पसरली. मात्र चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट पाडावेत, एकाची तपासणी करावी, दुसऱ्याची करू नये आणि मृत्यू मोजावेत, असा प्रयोग पॅपसाठी आधी झालाच नाही. तिने खरोखर जीव वाचतात का, याचं मोठं उत्तर मिळालं ते उत्तर युरोपातल्या पाच देशांच्या तुलनेतून.

१९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ही तुलना मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. पाचही देशांत पॅप चाचणी माहीत होती, प्रयोगशाळा होत्या, डॉक्टर होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आइसलँडमध्ये या कर्करोगाचा मृत्युदर सुमारे ८० टक्क्यांनी उतरला, फिनलंडमध्ये ५०, स्वीडनमध्ये ३४, डेन्मार्कमध्ये २५ टक्क्यांनी. नॉर्वेत मात्र अवघ्या १० टक्क्यांनी. आइसलँड आणि फिनलंडने ठरावीक वयाच्या प्रत्येक स्त्रीला नावानिशी बोलावणं पाठवलं आणि दोष सापडला तर तिचा पाठपुरावा केला. नॉर्वेत असा संघटित कार्यक्रम लोकसंख्येच्या अगदी थोड्या भागापुरता होता. बाकी ठिकाणी जी स्वतःहून दवाखान्यात जाईल तिचीच तपासणी व्हायची. म्हणजे काही जणी पुन्हा पुन्हा तपासल्या जात आणि ज्यांना धोका जास्त त्या घरीच राहत. ब्रिटनने अशी बोलावण्याची यंत्रणा उभारली ती १९८८ मध्ये.

दरम्यान, १९८३ मध्ये हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला या कर्करोगात एचपीव्ही १६ सापडला आणि पुढच्याच वर्षी एचपीव्ही १८. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. कारण कळलं, तसा लशीचा मार्ग मोकळा झाला. पहिली लस २००६ मध्ये मंजूर झाली. शिवाय पेशींऐवजी थेट व्हायरस शोधणारी चाचणीही हातात आली.

पॅप तपासणीला काचपट्ट्या वाचणारी तयार माणसं लागतात, आणि ती सगळीकडे नसतात. म्हणून साधा मार्ग शोधला गेला : गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावायचं आणि पांढरा पडलेला भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा. मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले होते : एचपीव्ही चाचणी, पॅप, ॲसिटिक आम्ल आणि तपासणीविना चौथा गट. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. एकदाच केलेल्या बाकी दोन तपासण्यांनी लक्षणीय फरक पडला नाही.

या दोन्ही अभ्यासांवर कठोर टीका झाली आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. तपासणीचा उपयोग माहीत असताना हजारो स्त्रियांना तिच्याविना ठेवणं योग्य होतं का? अशा तपासणीची तिथे सोय नव्हतीच, हे संशोधकांचं उत्तर होतं. ते खरं होतं, पण त्याने माझं समाधान होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० साठी लक्ष्यं ठरवली : ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार. २०२१ मध्ये संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. तिचा नमुना स्त्रीला स्वतःचा स्वतः घेता येतो. उस्मानाबादच्या अभ्यासात एचपीव्ही गटात ३४ जणी दगावल्या होत्या, चौथ्या गटात ६४.