मॅव्हरिकच्या वेटिंगमागची साठ वर्षं

8 जून 2021 ला फोर्डने अमेरिकेत मॅव्हरिक नावाचा छोटा पिकअप दाखवला आणि किंमत सांगितली 19,995 डॉलर, वर गाडी पोचवायचे 1,495 वेगळे. त्या किमतीला हायब्रिड इंजिन (पेट्रोल इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर) स्टँडर्ड, म्हणजे सगळ्यात बेसिक एक्सएल मॉडेललासुद्धा. शहरात गॅलनला 42 मैल, म्हणजे लिटरला जवळपास 18 किमी, आणि मागे साडेचार फुटी हौदा ज्यात 680 किलो सामान चालतं. लोक तुटून पडले. जानेवारी 2022 संपता संपता त्या वर्षाच्या हायब्रिडच्या ऑर्डर घेणंच थांबलं, मग सप्टेंबर 2022 मध्ये 2023 मॉडेलचं बुकिंग उघडलं आणि हायब्रिडचा कोटा साधारण आठवडाभरात भरला.

मी स्वतः त्या पहिल्या लॉटमधला. डीलरकडे ऑर्डर टाकली की आधी ऑर्डर नंबर मिळतो, मग कित्येक महिने काही नाही, मग एक दिवस गाडी शेड्यूल झाल्याची ईमेल येते, त्यात व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, आणि कुठल्या आठवड्यात बनणार ते, आणि मग ती मेक्सिकोतून रेल्वेने निघते. कुठल्या डीलरला किती गाड्या मिळणार हे त्याच्या कोट्यावर, त्यामुळे एकाच दिवशी ऑर्डर दिलेल्या दोघांमध्ये एकाला चार महिन्यांत गाडी आणि दुसरा वर्षभर लटकलेला. मला नऊ महिने लागले, आणि मधे एका डीलरने सरळ वर 5,000 डॉलर मागितले, आपल्याकडे ज्याला ऑन म्हणतात तेच. माझ्या बाबांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले अरे हे तर आमच्या चेतकसारखं झालं, तेव्हा नंबर लावायचा आणि विसरून जायचं, आणि ज्याला घाई असेल त्याने ऑन द्यायचा.

पण चेतकचं वेटिंग लायसन्स राजमुळे होतं, किती स्कूटर बनवायच्या ते सरकार ठरवायचं. अमेरिकेत तर कोणी कोणाला अडवलेलं नाही, मग इतकी मागणी असलेली गाडी दहा वर्षं कोणी बनवलीच का नाही? वाट बघताना मी याच प्रश्नाच्या मागे लागलो आणि उत्तर निघालं कोंबडीत.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोल्ट्री फार्म प्रचंड वाढले, ब्रॉयलर स्वस्त झाला आणि तो युरोपात, मुख्यतः पश्चिम जर्मनीत, धडाधड विकला जायला लागला. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि 1962 मध्ये युरोपच्या सामायिक बाजाराने बाहेरच्या चिकनवर मोठी जकात बसवली. बोलणी फिसकटली, मग डिसेंबर 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उलट कर लावला, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर 25 टक्के, खरं टार्गेट फोक्सवॅगनचे पिकअप आणि व्हॅन. बाकीच्या तीन वस्तूंवरचा कर पुढे उठला, ट्रकवरचा मात्र राहिला, आणि आजही त्याला चिकन टॅक्सच म्हणतात.

सत्तरच्या दशकात जपानी छोटे पिकअप अमेरिकेत आवडायला लागले तेव्हा कंपन्यांनी पळवाट काढली. माझदाने बनवलेला फोर्ड कुरियर आणि इसुझूने बनवलेला शेवरले एलयूव्ही हे दोन्ही हौद्याशिवाय यायचे, नुसती केबिन आणि चासी, त्यावर जकात फक्त 4 टक्के, आणि हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायचे. सुबारूने तर ब्रॅट नावाच्या पिकअपच्या हौद्यात उघड्यावर दोन प्लास्टिकच्या सीट बसवल्या, म्हणजे कागदावर ती प्रवासी गाडी. चासीवाली पळवाट 1980 मध्ये बंद झाली. मग फोर्डने स्वतःचा रेंजर आणि शेवरलेने एस-10 काढला, दोन्ही 1982 चे आणि दोन्ही अमेरिकेतच बनणारे. पुढची वीसेक वर्षं कॉलेजची पोरं, माळीकाम करणारे, प्लंबर, सगळ्यांकडे असला छोटा पिकअप असायचा.

आणि मग तो हळूहळू गायब झाला. चिकन टॅक्समुळे बाहेरचा स्वस्त ट्रक येण्याची भीती नव्हती, म्हणजे घरच्या कंपन्यांवर दबाव नाही, आणि मोठ्या ट्रकवर नफा कितीतरी जास्त. त्यात मायलेजचे सरकारी नियम गाडीच्या फूटप्रिंटशी जोडले गेले, चार चाकांच्या मधलं क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढं मायलेजचं टार्गेट सोपं. म्हणजे छोटा ट्रक बनवणाऱ्याला जास्त कठीण पेपर! मला तरी हा सगळ्यात वाईट भाग वाटतो, कारण पेट्रोल वाचवायला केलेल्या नियमानेच गाड्या फुगवायला मदत केली. डिसेंबर 2011 मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या कारखान्यातून शेवटचा छोटा रेंजर बाहेर पडला आणि तो कारखानाही बंद झाला. 2019 मध्ये रेंजर अमेरिकेत परत आला तो मध्यम आकाराचा होऊन, आणि किंमतही तशीच.

आता हायब्रिडची बाजू, तीही जुनीच आहे. फोर्डने 2004 मध्ये एस्केप हायब्रिड काढली, अमेरिकन कंपनीची पहिली हायब्रिड एसयूव्ही, न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं दामटली. रचना टोयोटाच्या प्रियसशी इतकी मिळतीजुळती होती की दोन्ही कंपन्यांनी पेटंटचा करार करून टाकला. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात हर्मोसियो इथे फोर्डचा 1986 पासूनचा कारखाना आहे, तिथे फ्यूजन सेडान आणि तिचं हायब्रिड बनायचं. 2020 मध्ये फ्यूजन बंद झाली, मग तिथेच ब्रॉन्को स्पोर्ट ही एसयूव्ही आणि मागोमाग मॅव्हरिक सुरू झाली. मेक्सिकोत बनलेली गाडी मुक्त व्यापार कराराचे नियम पाळत असेल तर चिकन टॅक्स लागत नाही. म्हणजे तयार कारखाना, मुरलेलं हायब्रिड तंत्र, कारची चासी आणि जकात शून्य, हे सगळं एकत्र आलं तेव्हा कुठे 20 हजारात ट्रक शक्य झाला.

गाडीत आहे काय तर 2.5 लिटरचं अॅटकिन्सन सायकलचं (म्हणजे कमी पेट्रोल खाणारं) पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर, मिळून 191 हॉर्सपॉवर, बॅटरी फक्त 1.1 किलोवॅट तासाची, चार्जिंगला लावायची भानगड नाही, ब्रेक मारताना आणि इंजिनकडून ती आपोआप भरते. गिअरबॉक्सला ईसीव्हीटी म्हणतात पण त्यात साध्या सीव्हीटीसारखा बेल्ट नसतो, ग्रहमाला गिअर (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) असतात, त्यामुळे झिजणारं कमी. सिग्नलला इंजिन बंद, हळू चालताना नुसती मोटर, म्हणून तर हायवेपेक्षा (33 मैल) शहरात मायलेज जास्त मिळतं, हे नवीन माणसाला खरंच वाटत नाही. ट्रेलर मात्र 2,000 पाउंडच, जास्त ओढायचं तर टर्बो इंजिन घ्यावं लागायचं, आणि ऑल व्हील ड्राइव्ह तेव्हा हायब्रिडला मिळायचाच नाही. आणि सगळं गोडगोड नव्हतं, जुलै 2022 मध्ये या 2.5 लिटर हायब्रिड इंजिनसाठी मोठा रिकॉल निघाला, इंजिन फुटलं तर तेल सांडून बॉनेटखाली आग लागायचा धोका, त्यात फोर्डची एस्केप आणि फोर्डच्याच लिंकन ब्रँडची कोर्सेअर धरून सुमारे 1 लाख गाड्या होत्या. माझीही नेऊन दाखवावी लागली.

छोटा म्हणतो आपण, पण लांबी 5 मीटरच्या वर आहे, आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा फूटभर जास्त. भारतात ही कधी आली नाही, उलट मॅव्हरिकचं उत्पादन सुरू झालं त्याच सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतातलं गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे घरी फोर्डची इकोस्पोर्ट होती त्यांना ते चांगलंच लागलं.

पुढे किंमत चढत गेली. 2024 मॉडेलला टर्बो स्टँडर्ड झालं आणि हायब्रिडला वर 1,500 डॉलर, 2025 मॉडेलला हायब्रिड परत स्टँडर्ड आलं, सोबत ऑल व्हील ड्राइव्ह आणि 4,000 पाउंड ओढायचा पर्याय, पण सुरुवात 26 हजारांच्या पुढे. तरी 2024 मध्ये अमेरिकेत 1 लाख 31 हजारांवर मॅव्हरिक विकल्या गेल्या. आणि एप्रिल 2025 पासून बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर नवीन जकात लागली, मेक्सिकोच्या गाडीत अमेरिकेबाहेरचा जेवढा माल असेल तेवढ्यावर, आणि दर पुन्हा तोच, 25 टक्के.