आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर: जनआरोग्य योजनेतून तातडीचे ऑपरेशन

पोटात असह्य कळा, पण हाताने दाबून पाहिले तर पोट मऊच. त्यात वय झालेले, हृदयाचे ठोके अनियमित. डॉक्टर आतड्याच्या रोहिणीत गुठळी अडकल्याची शंका घेतात आणि लगेच सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे स्कॅन) सांगतात. साधारण सहा तासांत आतडे काळे पडू लागते. त्यामुळे रेशन कार्ड आणायला कुणाला गावी पाठवून त्याची वाट बघत बसू नका.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अशा रुग्णाला फोनवरून तातडीची मंजुरी मिळते. कागदपत्रे त्यानंतर 72 तासांत द्यायची असतात. रुग्णालय मात्र योजनेत अंगीकृत (म्हणजे योजनेच्या यादीतले) हवे. निघतानाच 155388 किंवा 1800 233 2200 वर विचारून घ्या. रुग्णवाहिकेसाठी 108.

पोहोचल्यावर एक जण रुग्णाजवळ, दुसरा थेट आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, कक्षात. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते: आधी रोख भरायचे आणि डिस्चार्जच्या वेळी योजना आठवायची. योजना कॅशलेस आहे, भरलेल्या बिलाची भरपाई मागाहून मिळत नाही.

पिवळ्या, केशरी कार्डांबरोबर 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढरे कार्डधारकही पात्र ठरले. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण. लागते काय, तर रेशन कार्ड आणि रुग्णाचे फोटो ओळखपत्र (आधार, मतदार कार्ड वगैरे). अडते ते नावावर. सुनेचे नाव अजून माहेरच्याच कार्डावर, किंवा आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि कार्डावर नुसते ‘लक्ष्मी’. असा फरक पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला दाखवा.

संमतिपत्रावर सही करताना घाई असली तरी तीन गोष्टी विचारा: गुठळी काढणे, मेलेले आतडे कापणे, आणि गरज पडल्यास पोटावर शौचाची पिशवी. उरलेले आतडे जगले का ते पाहायला 24 ते 48 तासांत पोट पुन्हा उघडावे लागू शकते. त्या दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरी कशी घेणार, हे तेव्हाच विचारून ठेवा.

रुग्णालय अंगीकृत नसेल, पण धर्मादाय असेल, तर तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; त्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

डिस्चार्जनंतर योजनेतून 10 दिवसांची औषधे मिळतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कित्येक महिने, कधी जन्मभर चालते. ती सरकारी दवाखान्यातून मिळेल का, हे घरी जाण्याआधी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.