इलेक्ट्रॉनिक कॉन्फरन्स बॅज : घरातला कंट्रोलर म्हणून वापर

हॅकर कॅम्प किंवा सिक्युरिटी कॉन्फरन्सला गळ्यात अडकवायला मिळणारा सर्किट बोर्डचा बॅज नंतर घरातले दिवे, पंखे, हीटर चालवायला वापरणे. मायक्रोकंट्रोलर, डिस्प्ले, बटणं, बॅटरी सगळं त्यात आधीच असतं.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण लास व्हेगासच्या डेफ कॉन १४ (२००६) या हॅकर कॉन्फरन्सपासून मोजतात, हार्डवेअर हॅकर जो ग्रँड याने डिझाइन केलेल्या तिथल्या बॅजवर एक छोटा पिक जातीचा मायक्रोकंट्रोलर आणि दोन निळे एलईडी एवढंच होतं. काही जण एमआयटी मीडिया लॅबच्या थिंकिंग टॅग्ज या इलेक्ट्रॉनिक नेमटॅग्जपर्यंत, म्हणजे साधारण १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मागे जातात. पण घर चालवण्याच्या अंगाने बघितलं तर केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी लॅबचा ॲक्टिव्ह बॅज (साधारण १९८९ ते १९९२) जास्त जवळचा वाटतो : तो दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड कोड सोडायचा, खोल्यांमधले सेन्सर तो पकडायचे आणि माणूस कुठे आहे ते बघून ऑपरेटर फोन तिकडे वळवायचा. कॉन्फरन्सशी त्याचा संबंध नव्हता हे खरं, पण बॅजच्या सिग्नलवर इमारतीतली कामं हलवणं तिथे आधीच झालं होतं.

आजच्या अर्थाने हा वापर सोपा झाला तो बॅजवर वायफाय आल्यावर. नेदरलँड्सच्या झेवोल्डे इथे ऑगस्ट २०१७ मध्ये झालेल्या एसएचए२०१७ कॅम्पचा बॅज हे चांगलं उदाहरण : ईएसपी३२ ही वायफायवाली चिप, २९६ × १२८ पिक्सेलचा ई-इंक डिस्प्ले, टच बटणं, सहा रंगीत एलईडी आणि मायक्रोपायथॉन (मायक्रोकंट्रोलरवर चालणारं पायथॉन). घरच्या सर्व्हरवर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि एमक्यूटीटी ब्रोकर (उपकरणांचे छोटे मेसेज इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्रॅम) चालवायचा, बटण दाबलं की बॅज एका टॉपिकवर, म्हणजे ठरलेल्या नावाखाली, मेसेज टाकतो, दिवा लागतो. ई-इंकवरचं चित्र वीज नसतानाही टिकतं, म्हणून भिंतीवर लावायला हा डिस्प्ले फार छान.

अडचण बॅजच्या झोपेची आहे. वायफाय सतत चालू ठेवलं तर बॅटरी पटकन उतरते, डीप स्लीपमध्ये (वीज वाचवायला जवळजवळ सगळं बंद) टाकलं तर बटण दाबून जागं करता येतं पण मधल्या वेळात आलेले मेसेज बॅजला कळत नाहीत. ब्रोकरकडे ते साठवून ठेवता येतात, पण मग जाग आल्यावर शिळ्या कमांड एकामागून एक येऊन आदळतात, त्यापेक्षा स्टेटच्या (दिवा चालू की बंद या स्थितीच्या) मेसेजला रिटेन फ्लॅग, म्हणजे शेवटचा मेसेज ब्रोकरने जपून ठेवावा ही खूण, लावणं बरं, जाग आली की फक्त शेवटची स्थिती मिळते आणि स्क्रीनवर दिवा चालू की बंद ते बरोबर दिसतं. कायम यूएसबीवर ठेवायचा असेल तर लिथियम बॅटरी फुगलीय का ते अधूनमधून बघावं. २३० व्होल्टची वायर बॅजजवळ अजिबात आणू नये, बोर्ड उघडा असतो, स्विचिंगचं काम बंद डब्यातल्या वेगळ्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) द्यावं.

जर्मनीतल्या केऑस कॅम्प या हॅकर कॅम्पचा कार्ड१० बॅज (२०१९) मनगटावर घालायचा होता, त्यात वायफाय नाही, फक्त ब्लूटूथ, त्यामुळे मध्ये गेटवे, म्हणजे ब्लूटूथचे मेसेज घरच्या नेटवर्कवर पोचवणारं उपकरण, लागतो.