झाडीतल्या जुन्या सोसायटीत रीसेल फ्लॅट घेताय? कागद कुठे अडतात ते आधी बघा

जुन्या वसाहतीतला फ्लॅट बघायला गेलेली माणसं आधी गॅलरीत जातात. समोर बहावा असतो, खाली वर्दळ नसते, भर दुपारी कोकीळ ऐकू येते. टोकन तिथंच, उभ्याउभ्या दिलं जातं आणि कागद बघायची वेळ त्यानंतर येते. महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या अशा चाळीस-पन्नास वर्षं जुन्या सहकारी सोसायट्यांतल्या फ्लॅटचे दस्त तयार करणं हे माझं रोजचं काम. बँकेनं कर्ज नाकारलं किंवा सोसायटीनं अर्ज परत पाठवला म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी सतत बघते. कारणं तीच तीच असतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पात्रतेपाशी सहसा कुणी अडत नाही. १८ वर्षं पूर्ण झालेली आणि करार करण्यास सक्षम असलेली व्यक्ती फ्लॅट घेऊ शकते. शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही, ती अट शेतजमिनीची. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही फ्लॅट घेता येतो. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव सोबत घातलं की ती जाते, हे मात्र दस्त टाईप होण्याआधी ठरवा. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. तरी लोक अजून त्या भीतीनं सवलत सोडून देतात.

विकणारा खरंच मालक आहे का?

सगळ्यात जास्त व्यवहार इथं फसतात. अशा सोसायट्यांतले मूळ सभासद आता ऐंशीच्या पुढे आहेत किंवा हयात नाहीत. एका आजींनी माझ्यासमोर पत्र्याच्या पेटीतून शेअर सर्टिफिकेट काढलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, घड्यांवर पिवळं पडलेलं. मागच्या बाजूच्या तक्त्यात यजमानांच्या नावाखाली त्यांचं नाव, तारीख, चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित. "हे माझ्याच नावावर आहे ना, मग अजून काय हवं?" असं त्यांनी विचारलं. त्यांना नाही म्हणणं मला फार जड गेलं.

ते नाव नामनिर्देशनावरून चढलं होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीनं व्यवहार कुणाशी करायचा एवढीच ती सोय असते, आणि मालकी वारसा कायद्यानं ठरते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा जात नाही. आईचा वाटा तर कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलगा गेला तेव्हा आई हयात होती आणि तीही नंतर गेली, तर तिचा वाटा तिच्या इतर मुलांकडेही, म्हणजे विकणाऱ्या पत्नीच्या दीर-नणंदांकडे जातो. त्यांच्या सह्यांशिवाय बँकेचे वकील पुढे सरकत नाहीत आणि ते बरोबरच करतात.

उपाय दोन. एकतर सगळ्या वारसांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सही करावी, नाहीतर बाकीच्यांनी आधी हक्कसोडपत्र करून द्यावं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, नोटरी केलेलं चालत नाही. वारस कोण हे सिद्ध करायला पुष्कळदा दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात आणि त्याला काही महिने सहज जातात. एखादा वारस परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट मिळालेल्या तारखेचा पुरावा, म्हणजे कुरिअरची पावती, जपून ठेवा. मोजणी तिथून होते.

मागची साखळी आणि हरवलेला करार

बिल्डरनं पहिल्या मालकाला दिलेल्या करारापासून आजपर्यंतचा प्रत्येक दस्त लागतो. मधला एक जरी गहाळ असला तरी बँक थांबते. गहाळ असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढं विक्रेत्याकडून करून घ्या, तुमच्या पैशानं नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहता येते, पण जुन्या नोंदी सगळीकडे सारख्या मागे जात नाहीत. मुंबईच्या १९८५ पासून आहेत, उरलेल्या महाराष्ट्राच्या २००२ पासून. त्यामुळे वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल ऑनलाइन बघण्यानं टळत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र: जे कुणाकडेच नसतं

इमारत राहायला योग्य आहे असं सांगणारा महापालिकेचा हा दाखला सोसायटीच्या कपाटात नसतो, विक्रेत्याकडे नसतो, बिल्डर कधीच निघून गेलेला असतो. पण "नाही" याचे दोन अर्थ होतात. एक, प्रमाणपत्र मिळालं होतं पण कागद हरवला. दुसरा, ते कधी मिळालंच नाही. पहिल्यात काळजीचं कारण नाही. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. राज्याच्या कार्यालयांसाठी १० रुपये शुल्क आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात नुसता पत्ता लिहू नका, सर्व्हे क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक आणि जमल्यास बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहा. "अभिलेख आढळून येत नाही" अशी एका ओळीची उत्तरं बहुतेक नुसत्या पत्त्यावर येतात. तसं आलं तर अपील करा. कार्यालयानं स्वतः दिलेल्या परवानगीचा कागद नागरिकानं शोधत फिरावं याचा मला आजही संताप येतो, पण अपिलानंतर तीच फाइल सापडलेली मी पाहिली आहे.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे प्रमाणपत्र मिळालंच नसेल तर, टोकन देण्याआधी बँकेला लेखी विचारा. हे प्रमाणपत्र म्हणजे इमारतीच्या वयाचाही पुरावा, आणि तो आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांनुसार) मूल्यांकन करताना जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. वय सिद्ध करता आलं नाही तर फ्लॅट नवा धरून जास्त शुल्क भरलं जातं.

जमीन, बाग आणि समोरची झाडं

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि जमिनीवर नाव कुणाचं आहे ते वाचा. ते सोसायटीचं नसेल तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं) झालेलं नाही. तेवढ्यावरून फ्लॅट नाकारू नका, अशा सोसायट्या पुष्कळ आहेत आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) मिळतं. पण पत्रिकेवर "भोगवटादार वर्ग २" असं दिसलं तर थांबा. ती शासनानं दिलेली जमीन आहे आणि हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती न घेता झालेला दस्त पुढे शर्तभंग ठरतो.

तळमजल्याचा फ्लॅट घेणाऱ्यांना खास सांगणं आहे. "समोरची बाग आपलीच" असं विक्रेता अगदी मनापासून सांगतो, कारण चाळीस वर्षं पाणी त्यानंच घातलेलं असतं. तरी इमारतीभोवतीची मोकळी जागा सोसायटीची सामाईक असते. करारात "बागेसह" लिहून घेतलं म्हणून ती तुमची होत नाही, आणि त्या ओळीवरून सोसायटी अर्ज अडवू शकते. पार्किंगचंही तसंच. जागा सोसायटी देते, विक्रेता ती विकू शकत नाही. बागेतलं झाड तोडायचं तर दूरच, फांद्या छाटायलाही १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे झाडाखाली गाडीची शेड घालायचा बेत असेल तर आत्ताच विचार करा.

ज्या शांततेसाठी एवढा पैसा घालताय तिची चौकशी मात्र कुणीच करत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. शुल्क किरकोळ असतं. पलीकडची मोकळी, झाडांनी भरलेली जागा आराखड्यात रस्ता आहे, बाजार आहे की उद्यान, हे त्यावर कळतं. आणि सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. ठराव झालेला असेल तर ज्या बहाव्यासाठी तुम्ही हे घर घेताय तो चार वर्षांनी तिथं असेलच असं नाही.

चार महिने: कुठून मोजायचे?

नोंदणी कायदा १९०८ नुसार दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करावा लागतो. सही झाल्यापासून. मुद्रांक शुल्काचं चलन भरल्यापासून नाही, कर्ज मंजूर झाल्यापासून नाही. १० जानेवारीला घरी बसून सह्या केल्या तर १० मे ही तारीख. त्यानंतरचे चार महिने दंडासह मिळतात आणि दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जातो. तेही संपले की तो दस्त नोंदवता येत नाही. सगळ्यांना पुन्हा एकत्र आणून नवा दस्त करावा लागतो, आणि वयस्कर विक्रेत्यांच्या बाबतीत ते दरवेळी जमतंच असं नाही. शक्य असेल तर सही नोंदणीच्याच दिवशी करा.

मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, त्याच वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरलेलं असायला हवं. पुण्यात ते सात टक्के आहे, मुंबईत सहा. करारातली किंमत आणि मूल्यदर तक्त्याची किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. घाईनं चलन भरलं आणि व्यवहार मोडला तर न वापरलेल्या मुद्रांकाच्या परताव्याचा अर्ज सहा महिन्यांत करा. नोंदणी कार्यालयातलं बाकी काम साधं आहे: आधीची डेटा एंट्री, पॅन, आधार, दोन साक्षीदार, अंगठा, फोटो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदारानं विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापायचा आणि ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. ५० लाखांच्या वरच्या रकमेवर नाही, पूर्ण रकमेवर, आणि टोकनही त्यात आलं. विक्रेता अनिवासी असेल तर हा एक टक्का लागू होत नाही. तिथला दर बराच जास्त असतो. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय अशा विक्रेत्याला एक पैसाही देऊ नका.

सोसायटीचा अर्ज

दस्त नोंदवला म्हणजे सभासदत्व मिळालं असं नाही, त्याचा वेगळा अर्ज असतो. विक्रेत्यानं हस्तांतरणाची १५ दिवसांची नोटीस द्यायची, तुम्ही विहित नमुन्यात अर्ज करायचा, सोबत सूची क्रमांक दोन आणि मूळ शेअर सर्टिफिकेट जोडायचं. विक्रीसाठी सोसायटीचं ना-हरकत आदर्श उपविधींप्रमाणे सक्तीचं नाही. मात्र बँक मागते, म्हणून ते घ्यावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळी "विकास निधी" किंवा "देणगी" मागितली जाते. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याशिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. देणगीच्या नावानंही याहून जास्त काही मागता येत नाही. कमिटीवरची माणसं उद्याची शेजारी असतात, म्हणून लोक मुकाट्यानं दोन लाख देतात. शांतपणे, लेखी नकार द्या.

अर्जावर समितीनं तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सभासद झालात असं कायदा मानतो. त्यासाठी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घालून सही-शिक्क्याची पोच घ्या. सेक्रेटरी पोच देत नसतील तर त्याच दिवशी पोस्टानं रजिस्टर करून पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. उपनिबंधकांच्या कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा तीच तारीख मागतात.