पहिल्या संसाराची भांडी : मराठवाड्यात किलोचा भाव आणि नगाचा भाव

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी भांड्यांच्या दुकानात आज दोन भाव शेजारी शेजारी नांदतात. पातेली, पराती, डबे आणि घागरी तराजूवर चढतात व किलोच्या दराने विकल्या जातात. कुकर आणि नॉनस्टिक तवा मात्र छापील किमतीच्या खोक्यातून येतात आणि नगावर जातात. वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून छत्रपती संभाजीनगरात खोली घेणारे नवे जोडपे असो, की मुलाच्या बारावीसाठी लातूरला दोन वर्षांचे बिऱ्हाड मांडणारी आई असो, मोजक्या पैशांत पहिले स्वयंपाकघर उभे करताना त्यांना या दोन्ही भावांमधून वाट काढावी लागते. भांड्याची किंमत त्याच्या धातूत धरायची की त्याच्या उपयोगात, हा या भागातील जुना प्रश्न आहे आणि प्रत्येक नव्या धातूने त्याचे उत्तर बदलले आहे.

धातूच्या आधी माती होती आणि तिला दोन्ही भाव लागू नव्हते. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणबरोबर या गावाचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येतो, आणि तेथे सापडलेली सातवाहनकाळातील मातीची भांडी व मृण्मयी वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आजही पाहता येतात. त्याच तेरचे संत गोरा कुंभार. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले, आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. तिच्यातील अध्यात्म बाजूला ठेवले तरी ग्राहकाची रीत उरतेच : मडके वाजवून घ्यायचे, खणखणीत बोलले तर भाजणी पक्की, बद्द बोलले तर कुठेतरी तडा. कुंभार बलुतेदार असल्यामुळे त्याचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. नव्या चुलीसाठी मडकी, रांजण आणि झाकण्या आणताना रोख पैसा लागत नसे, आणि भांडे फुटले की त्याचे मोलही संपे.

तांबे आणि पितळ घरात आले तेव्हा भांडे पहिल्यांदा मत्ता झाले. रुखवतात मांडलेला हंडा, कळशी, परात, तांब्या आणि पितळी (काठ असलेल्या ताटाला या भागात हेच नाव) ही केवळ संसाराची सामग्री नव्हती, ती मुलीच्या नावावर ठेवलेली ठेव होती. भांड्यावर टाचणीने टोचल्यासारखी ठिपक्या-ठिपक्यांची नावे घालण्याची पद्धत होती, तीही त्यामुळेच. एकत्र कुटुंबातून वेगळे निघण्याची वेळ आली की कोणते भांडे कोणाचे याचा तो एकमेव दस्तऐवज असे. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. नाशिक, पुणे आणि भंडारा ही तांब्या-पितळेची नावाजलेली ठिकाणे संस्थानाच्या हद्दीबाहेरची. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे रेल्वे सुरू झाली आणि 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली, तसतशी दूरच्या मालाची आवक सोपी झाली.

पितळेला एक कायमचा खर्च मात्र जोडलेला होता. चिंच, ताक, आमसूल असे आंबट पदार्थ उघड्या पितळेच्या किंवा तांब्याच्या संपर्कात आले की ते कळकतात, म्हणजे धातूचा अंश अन्नात उतरून चव बिघडते आणि ते खाण्यास अपायकारक ठरते. मराठीत यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे, यावरूनच हा अनुभव किती घरोघरचा होता ते कळते. उपाय होता कल्हई. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करी आणि 232 अंशांना वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवी. कल्हईचा थर वापराने झिजतो, म्हणून हा खर्च पुन्हा पुन्हा येई. तरीही पितळ परवडे, कारण भांडे मोडीत घातले की वजनावर पैसे परत मिळत.

या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा 1972 च्या दुष्काळात झाली. लाल मिलो (आयात केलेली ज्वारी) आणि सुकडी खाऊन, खडी फोडून लोकांनी ते वर्ष काढले, हे ज्ञात आहे. त्याच आठवणींत घरातील हंडे-घागरी मोडीला गेल्याचे प्रसंगही सांगितले जातात. विकणारे अनेक आणि घेणारे थोडे, अशा वेळी मोडीचा भाव काय मिळणार? आजीच्या रुखवतातला हंडा एका पोत्याच्या धान्यासाठी जात असेल, तर ठेव म्हणून त्याने आपले काम केले असेच म्हणावे लागेल; स्वयंपाकघर मात्र रिकामे झाले, आणि ते पुन्हा भरले तेव्हा त्यात पितळ फारसे परतले नाही.

जागा घेतली ती आधी ॲल्युमिनियमने. विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात मिळवण्याची रीत 1886 मध्ये सापडली, आणि 1898 च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवण्याचा उद्योग भारतात सुरू केला. मराठवाड्यात ॲल्युमिनियमला सर्रास ‘जर्मन’ म्हणतात, आणि ‘जर्मनचं भगुनं’ हा शब्दप्रयोग गरिबीचा निदर्शक मानला जात असे. हलके, लवकर तापणारे, स्वस्त, पण आंबटाशी न जमणारे आणि मोडीत फारसे न येणारे हे भांडे रुखवतात कधी मिरवले नाही. त्याचा खरा उपयोग बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांनी ओळखला. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, फडाजवळ कोपी (पाचटाची झोपडी) उभी राहते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तेच बिऱ्हाड पुन्हा गाडीवर चढते. तवा, काठवट किंवा परात, दोन-तीन जर्मनची भगुनी, एखादी कळशी आणि पिठाचा डबा एवढ्यावर चार-पाच महिने निघतात. किमान स्वयंपाकघर कशाला म्हणावे याची इतकी काटेकोर यादी कुठल्याही सल्लागाराला करता येणार नाही, फक्त ती गरजेने केलेली आहे हे विसरता कामा नये.

स्टेनलेस स्टीलचा जन्म 1913 चा, शेफील्डमधील हॅरी ब्रिअर्ली यांच्या प्रयोगांतला. आपल्याकडे त्याने स्वयंपाकघर व्यापले ते मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सार्वजनिक क्षेत्रातील सेलमचा स्टेनलेस स्टील कारखाना ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. कल्हई नको, चिंचेने कळकत नाही, राखेने घासले तरी चकाकते, अशा गुणांमुळे स्टील रुखवतात पितळेच्या जागी बसले, आणि जुन्या साड्या-धोतरांच्या बदल्यात भांडे देणाऱ्या बोहारणीने ते रोख पैसा नसलेल्या घरांतही पोचवले. मांडणीवर ओळीने लावलेले स्टीलचे डबे ही पाहुण्याला दाखवण्याची गोष्ट झाली. तराजूही तसाच राहिला. ग्राहक स्टीलसुद्धा किलोवर घेऊ लागला. पण येथे जुन्या सवयीने त्याला चकवले. पितळेचे वजन म्हणजे परतीचा पैसा होता, तर स्टीलला मोडीत जो भाव मिळतो तो खरेदीच्या मानाने अगदी थोडा असतो. वजनावरून कळते ते एवढेच की पत्रा जाड आहे की पातळ. तेही उपयोगाचे आहे, कारण पातळ बुडाच्या पातेल्यात दूध हमखास लागते.

स्टीलची प्रत ओळखणे त्याहून अवघड. 304 या प्रतीत सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. निकेल महाग असल्यामुळे ते कमी करून मँगनीज वाढवलेले 200 मालिकेतील स्टील भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ते तुलनेने लवकर गंजते, आणि मीठ किंवा चिंच फार वेळ राहिल्यास त्यावर डाग व बारीक खड्डे पडू शकतात. बाजारात लोहचुंबक लावून ‘अस्सल’ स्टील ओळखण्याचा जो प्रघात आहे तो येथे निरुपयोगी ठरतो, कारण चुंबक 304 ला जसे चिकटत नाही तसे 202 लाही जवळजवळ चिकटत नाही. चुंबक चिकटणारे 430 सारखे स्टील म्हणजे बनावट माल नव्हे; इंडक्शन शेगडीवर तर असेच बूड लागते. गोरोबांच्या थापटीसारखी एका ठोक्यात निकाल देणारी परीक्षा स्टीलला नाही, त्यामुळे भांड्यावर प्रत कोरलेली असणे आणि बिलावर तिची नोंद होणे यालाच महत्त्व येते. केंद्र सरकारने 2024 मध्ये स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला, त्यामागे हीच अडचण दिसते.

प्रेशर कुकरची कथा वेगळी, कारण तो पहिल्यापासून नगावरच आला. 1679 मध्ये डेनिस पापँ यांनी वाफेच्या दाबाचे भांडे बनवले. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचा कुकरशी संबंध 1959 पासूनचा. मराठवाडा हा तुरीचा प्रदेश, आणि येथील विहिरी व बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड. अशा पाण्यातील कॅल्शियममुळे डाळ लवकर शिजत नाही, आणि सरपण तर दुष्काळी भागात नेहमीच दुर्मीळ. कुकरमध्ये पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, त्यामुळे तासाभराचे काम काही शिट्यांवर येते. इंधनाच्या बचतीतूनच स्वतःची किंमत फेडणारे हे या भागातले बहुधा पहिले भांडे. त्यावर मात्र काटकसर करू नये : घरगुती कुकरला 2021 पासून आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे, आणि बिनचिन्हाचा कुकर स्वस्त मिळाला तरी सुरक्षेच्या झडपेची खात्री कोणी देत नाही.

नॉनस्टिकच्या इतिहासात मराठवाड्याचे स्वतःचे पान आहे, याची जाणीव बाहेर फारशी नाही. न चिकटणारे ते रसायन अमेरिकेत 1938 मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघातानेच सापडले, आणि पन्नाशीच्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा थर दिलेला तवा तयार झाला. भारतात अशी भांडी बनवणारा ‘निर्लेप’ हा पहिला उद्योग भोगले कुटुंबाने 1968 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उभा केला. 2018 मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने त्यातील सुमारे 80 टक्के हिस्सा घेतला. नाव इतके चपखल होते की कंपनी कोणतीही असो, घरोघर ‘निर्लेप तवा’ हाच शब्द रूढ झाला. गंमत अशी की ज्या शहरात तो बनला त्याच्या भोवतीच्या खेड्यांत त्याला भाकरीच्या कामावर कोणी ठेवले नाही. ज्वारीच्या भाकरीला रिकामा तवा कडकडीत तापवावा लागतो, वरून पाण्याचा हात फिरवावा लागतो आणि कडा उलथण्याने सोडवाव्या लागतात. सुमारे 260 अंशांपलीकडे नॉनस्टिकचा थर बिघडू लागतो आणि उलथण्याचे ओरखडे तर पहिल्या आठवड्यातच उमटतात. धिरडी आणि डोसे यांपुरताच तो ठीक, म्हणजे पहिल्या खरेदीत तो मागे राहिला तरी काही अडत नाही.

भाकरीसाठी लोखंडी किंवा बिडाचा तवाच लागतो. (बिडाच्या तव्याचा बीड जिल्ह्याशी संबंध नाही, बीड म्हणजे ओतीव लोखंड.) तो जड असतो, उष्णता धरून ठेवतो आणि जितका वापरावा तितका सुधारतो. पडला तर बिडाचा तवा फुटतो, लोखंडी वाकतो, एवढाच दोघांत व्यवहारातला फरक.

संपूर्ण स्वयंपाकघर एका दिवसात नव्याने उभे करण्याची वेळ 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागातील हजारो कुटुंबांवर आणली. किल्लारीसह 52 गावे नव्या जागी वसवावी लागली, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली पिढ्यांची भांडी गेली. पुढे 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस आणला, तशी चुलीच्या तीन दगडांवर बसणारी गोल बुडाची भांडी मागे पडून सपाट बुडाची पुढे आली.

पहिल्या संसाराला काय लागते याची यादी आता शासनानेही केली आहे. नोंदीत बांधकाम कामगारांना कल्याणकारी मंडळाकडून गृहोपयोगी वस्तूंचा जो संच मिळतो, त्यात 30 नग आहेत : ताटे, वाट्या, ग्लास, झाकणाची पातेली, भात आणि वरण वाढायचे मोठे चमचे, जग, मसाल्याचा डबा, तीन मोठे डबे, परात, 5 लिटरचा कुकर, कढई आणि वगराळ्यासह पाण्याची टाकी. यादी विचारपूर्वक केलेली आहे आणि तिने अनेक घरांचा पहिला खर्च वाचवला आहे. तिच्यात तवा तेवढा नाही. तो आणि उलथणे आठवडी बाजारात घिसाड्याच्या, म्हणजे फिरत्या लोहाराच्या, पालावरूनच येते, हातात तोलून, वाजवून, भाव करून.