चंद्रप्रकाशात सापडलेला क्लोरीन

मे महिन्यात अकोल्याला माहेरी गेले की दुपारी कुणी ना कुणी घाम पुसत म्हणतंच, "ओझोनला भोक पडलंय ना, मग ऊन असंच तापणार!" रिक्षावाले काका म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, आणि एकदा तर दहावीला विज्ञान शिकवणारे एक सरही म्हणाले. त्या दिवशी ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहायचं.

ओझोनचं भोक पडतं अंटार्क्टिकावर, तेही साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात. अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा तिकडे भोक नसतंच. शिवाय ओझोन अडवतो ते अतिनील किरण. त्यांनी कातडी भाजते, मोतीबिंदूचा धोका वाढतो. पण उन्हाची जी धग आपल्याला जाणवते तिच्याशी त्यांचा संबंध फार थोडा. विदर्भाचा उन्हाळा तापतो तो डोक्यावरच्या सूर्यामुळे, निरभ्र आकाशामुळे आणि कोरड्या जमिनीमुळे, आणि त्यात आता हरितगृह वायूंची भर पडली आहे.

‘थर’ या शब्दानेही घोटाळा होतो. दुधावर साय धरते तसं वर काही नाही. जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे स्थितांबरात, ओझोनचे रेणू विरळ पसरलेले आहेत. तुमच्या डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर तो जेमतेम ३ मिलिमीटर जाड भरेल. याला म्हणतात ३०० डॉबसन; डॉबसन हे ओझोन मोजायचं एकक. आपल्या उष्ण कटिबंधात हा आकडा मुळातच कमी, २६०च्या आसपास असतो, कारण इथे तयार झालेला ओझोन वरचे वारे ध्रुवांकडे वाहून नेतात. हे मोजणारी, फुग्याला बांधून वर सोडायची उपकरणं हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान खात्यात देशातच घडवली, आणि पुण्याहून असे फुगे आकाशात जात आले आहेत.

आता मला खरं जे सांगायचंय त्याकडे येते. ओझोन मोडणारे वायू असलेले फ्रिज, एसी आणि स्प्रेचे डबे सर्वाधिक वापरले गेले ते अमेरिका-युरोपात. मग भोक पडलं ते पेंग्विनांच्या डोक्यावर का?

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी इशारा दिला होता की फ्रिजमधले क्लोरोफ्लोरोकार्बन, म्हणजे सीएफसी, खाली कशाशीच संयोग पावत नाहीत, म्हणून ते तसेच वर जातात. तिथे अतिनील किरण त्यांना फोडतात आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. तो ओझोनच्या तीन ऑक्सिजन अणूंपैकी एक हिसकावतो, मग तो दुसऱ्या सुट्या ऑक्सिजन अणूच्या हवाली करतो आणि पुन्हा मोकळा होतो. असा एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडू शकतो. पण हे चक्र जोरात चालतं ते ४० किलोमीटर उंचीवर, जिथे सुटे ऑक्सिजन अणू भरपूर असतात. म्हणून अंदाज होता तो अनेक दशकांत काही टक्के घट होईल असा.

आणि मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरची मोजमापं छापली. १९५७ पासून तिथे मोजणी सुरू होती. पूर्वी ऑक्टोबरात ३०० डॉबसनच्या घरात असणारा आकडा २००च्या आसपास आला होता. घट होती ती १२ ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे जिथे ते चक्र चालायला नको नेमकं तिथे. काहींनी सूर्याच्या डागांकडे बोट दाखवलं (सूर्य खवळला की वर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात आणि ती ओझोन खातात), काही म्हणाले खालची ओझोन नसलेली हवा वर सरकली असणार.

सुझन सोलोमन तेव्हा जेमतेम तिशीला टेकलेल्या, अमेरिकेतल्या बोल्डरच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या. संगणकावर हवेचं रसायन मांडणं हे त्यांचं काम. त्यांचं लक्ष गेलं ढगांकडे. स्थितांबर एवढं कोरडं असतं की तिथे ढग होत नाहीत. पण अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात, सहा महिन्यांच्या रात्रीत, ध्रुवाभोवती वाऱ्यांचं कडं तयार होतं, बाहेरची उबदार हवा आत येत नाही आणि तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली जातं. मग तिथल्या नावापुरत्या वाफेचे आणि नायट्रिक आम्लाचे कण गोठतात आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे झळकणारे ढग दिसू लागतात. उत्तर ध्रुवाकडे डोंगर आणि जमीन-समुद्राची सरमिसळ हे कडं वारंवार मोडतात, म्हणून तिकडे हा प्रकार कमी.

या ढगांचं काम समजून घ्यायला आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. स्थितांबरातला बहुतेक क्लोरीन मोकाट नसतो, तो दावणीला बांधलेला असतो. एक दावण हायड्रोजन क्लोराइडची, दुसरी क्लोरीन नायट्रेटची. दोन्ही रेणू ओझोनला हात लावत नाहीत. हवेत ते एकमेकांवर आदळले तरी काही घडत नाही. पण रोलंड यांच्या प्रयोगशाळेत एक त्रासदायक गोष्ट दिसली होती: हेच दोन वायू काचेच्या भांड्यात भरले की भांड्याच्या भिंतीवर त्यांची अभिक्रिया झटपट होते. वायूंचा अभ्यास करणाऱ्यांना भिंत म्हणजे अडचण. सोलोमन यांनी विचार केला, अंटार्क्टिकावर ढगातला बर्फाचा कणच भिंत झाला तर? हायड्रोजन क्लोराइड बर्फावर चिकटून बसतो, क्लोरीन नायट्रेट येऊन त्यावर आदळतो, आणि दोन दावणींतून सुटलेले क्लोरीनचे दोन अणू जोडीने, क्लोरीन वायू म्हणून, हवेत जातात. नायट्रिक आम्ल बर्फातच अडकतं. मोठे कण तर त्याला घेऊन खाली उतरतात, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा बांधायला दोरच उरत नाही.

सगळा हिवाळा ही तयारी अंधारात चालते आणि ओझोनला धक्का लागत नाही. ऑगस्टच्या शेवटी सूर्य क्षितिजावर डोकावला की क्लोरीनची जोडी साध्या प्रकाशानेही तुटते, आणि मग सुरू होतो तो फडशा. इथे सुटे ऑक्सिजन अणू लागत नाहीत, कारण क्लोरीन मोनॉक्साइडचे, म्हणजे ओझोनचा ऑक्सिजन हिसकावलेल्या क्लोरीनचे, दोन रेणू एकमेकांशीच जोडी जमवतात, प्रकाशाने ती जोडी मोडते आणि दोन्ही क्लोरीन पुन्हा मोकळे होतात. हे दुसरं चक्र सुचवलं ते लुईसा आणि मारिओ मोलिना यांनी. हवेच्या अब्ज रेणूंमागे तीन-साडेतीन क्लोरीन, आणि सहा आठवड्यांत त्या पट्ट्यातला ओझोन जवळजवळ साफ!

रोलांडो गार्सिया, रोलंड आणि डोनाल्ड वुबल्स यांच्यासह सोलोमन यांनी हा सिद्धांत १९८६ मध्ये मांडला. कागदावर मांडणाऱ्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. त्या मात्र ऑगस्टमध्ये, हिवाळा सरता सरता, मोहिमेचं नेतृत्व करत अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावर उतरल्या.

तिथे शोधायचा होता क्लोरीन डायॉक्साइड. मोकाट क्लोरीन असेल तरच हा वायू बनतो, पण दिवसाच्या उजेडात तो तुटतो. म्हणून रात्री मोजायचा. रात्री उजेड कुठला? चंद्राचा. चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच, हवेतून येताना ते त्या वायूची खूण घेऊन येतं: जांभळ्या रंगाच्या पट्ट्यात कंगव्याच्या दातांसारख्या ठरावीक अंतरावरच्या काळ्या रेघा. सोलोमन त्या गोठवणाऱ्या थंडीत छपरावर चढून आरसे लावत, चंद्र सरकेल तसे ते फिरवत आणि चांदणं खाली खोलीतल्या उपकरणात सोडत. क्लोरीन डायॉक्साइड अपेक्षेच्या जवळपास शंभर पट निघाला. सूर्यडागांच्या सिद्धांताला नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त हवी होती, ती मिळाली फारच कमी. खालची हवा वर आली असती तर तिच्यातले वायू वर वाढले असते, तेही कमीच भरले. पुढच्या वर्षी चिलीहून उडालेल्या विमानाने क्लोरीन मोनॉक्साइड आणि ओझोन एकाच वेळी मोजले. एक जिथे चढत होता, तिथेच दुसरा कोसळत होता.

जाता जाता एक सांगायलाच हवं. ‘तुळस दिवसातले चार तास ओझोन सोडते, म्हणून तिच्याभोवती प्रदक्षिणा घाला’ असा निरोप दर काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर येतो. तुळस आमच्याही अंगणात आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण कोणतंही झाड ओझोन सोडत नाही, आणि जमिनीलगतचा ओझोन फुफ्फुसांना आणि पिकांना अपायच करतो. श्रद्धेला खोट्या रसायनाचा टेकू देऊ नये.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन मोडणाऱ्या वायूंना आवर घालणारा माँट्रियल करार झाला. विकसनशील देशांना सीएफसी थांबवायला २०१० पर्यंत मुदत होती. २०१६ मध्ये सोलोमन यांनीच दाखवलं की २००० सालच्या तुलनेत सप्टेंबरातलं भोक सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरने आक्रसलं आहे. अंटार्क्टिकावर १९८०ची पातळी यायला मात्र २०६६ उजाडेल असा अंदाज आहे. मध्येच ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२०च्या वणव्यांचा धूर स्थितांबरात शिरला आणि सोलोमन यांच्या गटाला त्या धुराच्या कणांवर तीच ओळखीची करामत दिसली. बर्फाऐवजी धूर, पण पुन्हा एक पृष्ठभाग.

इतका वेळ का लागणार, हे आमच्या घरच्या फ्रिजवरून सांगते. १९९३ च्या उन्हाळ्यात मेकॅनिकने मागची तांब्याची नळी कापली, बारीकसा फुस्स आवाज आला, आणि "गॅस भरावा लागेल ताई" म्हणून त्याने नवा भरला. पुढे तोही गळाला. एका फ्रिजमध्ये दीडेकशे ग्रॅम गॅस, आणि या जातीच्या सीएफसीचं हवेतलं सरासरी आयुष्य सुमारे १०० वर्षं. म्हणजे त्यातला सत्तर टक्के गॅस अजून शाबूत आहे आणि साऱ्या पृथ्वीच्या हवेत सारखा मिसळला आहे. मी वहीत आकडेमोड करून पाहिली: तुम्ही आत्ता घेतलेल्या श्वासात, तुम्ही सांगलीत असा नाहीतर सिंगापुरात, अकोल्याच्या त्या फ्रिजमधले पन्नासेक रेणू आहेत.